दोन वर्षांच्या आत

दोन वर्षं भरायला एकोणीस दिवस कमी,
म्हणून मल्हारचं तिकीट मांडीवरचं.
मांडीवरच्याला खुर्ची नाही, खिडकी नाही,
पण कागद लागतो, त्याचा स्वतःचा.
हे ह्यांनी हैदराबादेहून तीनदा सांगितलं होतं,
"आधार काढलेलं नाही, तर जन्माचा दाखला घे.
मूळ घे. झेरॉक्स नको."

समिधाचं सोपं.
चौथीचं ओळखपत्र, निळी दोरी,
फोटोत पुढचे दोन दात नाहीत,
आता आहेत.
चालतं म्हणे.

दाखला तांदळाच्या डब्यात होता, बेळगुंदीला.
खराब होऊ नये म्हणून मीच
गणपत गल्लीत नेऊन लॅमिनेशन केलं होतं.
त्या गरम रुळांखाली इंग्रजी ओळ विरघळून गेली
ते तेव्हा बघितलंच नाही.
उरली कन्नड,
रताळ्याच्या वेलासारखी, एकातून एक फुटलेली.
मी मराठी शाळेची.
बसची पाटी मी कंडक्टरच्या तोंडून वाचते.
पंचायतीत दाखल्याच्या अर्जावर सही केली
तीही बोट ठेवून दाखवलं तिथं.

सांबऱ्याच्या दारात हवालदारानं
दाखला उन्हात तिरका धरला.
तारीख बघितली, तिकीट बघितलं,
मग पोराचा गाल ओढून काहीतरी म्हणाला.
ह्यानं "हं" केलं.
मी हसले,
कळलं नाही की हसते तशी.

काउंटरवरची मुलगी लांबची, मणिपूरची असावी,
छातीवर नाव लीमा.
आकडे तिला कळले. बोटांवर महिने मोजले तिनं,
तेवीस, बरोबर.
मग नावापाशी थांबली.
"नाम कौन सा है इसमें? पढ़के बताइए."
मागं रांग. कुणाच्या तरी पेटीतून
कुंद्याचा तुपाळ वास.
मी दाखला उलटा केला, सुलटा केला,
जसा काही वास घेऊन वाचता येतो.

"दे की इकडं," समिधा म्हणाली.
टाचा उंच करून तिनं दाखला काउंटरवर ठेवला
आणि बोट फिरवत वाचायला लागली,
शाळेत बाईंच्या पुढ्यात वाचतात तसं, प्रत्येक शब्दाला दम घेऊन.
आईचं नाव. माझं.
माझं नाव मी त्या अक्षरांतून पहिल्यांदा ऐकलं,
शेवट जरा ओढलेला, कुणी पलीकडच्या बांधावरून हाक मारावी तसा.
बापाचं नाव. गाव.
मग बाळाचं.
तिथं ती अडखळली.
माझ्याकडं बघितलं.
भावाकडं बघितलं, तो माझी कानातली ओढत होता.
"मल्हार," ती म्हणाली. मोठ्यानं.

लीमानं खटखट केलं,
मांडीवरच्यालाही एक चिठ्ठी निघाली, त्याच्या नावाची.
चिठ्ठी त्यानं लगेच तोंडात घातली.

विमान वर गेलं तेव्हा खाली
मुचंडीकडची लाल शेतं आडवी झाली,
कुठं कुणाची हद्द, वरून काही दिसेना,
कान मात्र गच्च बसले.
समिधा कानाशी आली.
"आई, तिथं मल्हार नाहीच आहे.
मैलार लिहिलंय."
"मग खोटं का वाचलंस गं?"
"तिकिटावर मल्हार आहे की. ती सोडली नसती."
थोड्या वेळानं, "आणि मैलार म्हणजे पण तोच की.
आमच्या बाई सांगतात."

क्लार्क तोंडात पान धरून नाव लिहीत होता, आठवलं.
त्यानं ऐकलं असेल ते बरोबरच,
लिहिलं त्याच्या देवाचं.
आता दुरुस्ती. अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार,
ह्यांची सुट्टी.
मी मनात पैसे मोजत होते
आणि मधेच तो हवालदार आठवला,
गाल ओढताना काय म्हणाला ते.
"एन मैलारा," म्हणाला होता तो.

आणि हे पोरगं
ओ देऊन मोकळं झालं होतं.